बोमाच्या शेजारी बसण्यासाठी

"रुमाल सोडा मॅडम. डोकं बघितल्याशिवाय मी काय सांगू?" विगवाली एबेरे म्हणाली.

इबिनाबोने आधी दुकानाचा पडदा ओढून घेतला, मग रुमाल सोडला. नायजेरियातल्या पोर्ट हार्कोर्टच्या एका शाळेत कारकुनी करताना वीस वर्षं ती कपाळाला गोंद लावून विग चिकटवत आली होती. त्या गोंदाने कपाळावरचे, कानशिलांवरचे केस मुळासकट नेले. आता डॉक्टरांनी गोंदच बंद केला होता.

"अरे देवा!" एबेरेच्या तोंडून निघालं, पण लगेच ती धंद्यावर आली. "रोजच्याला हा हेअरबँडवाला घ्या. गोंद नाही, काही नाही. टोपीसारखा चढवला की कामाला जायला मोकळ्या."

"आणि विग आहे हे अख्ख्या गावाला कळायला मोकळं! तो दाखव, भांगापाशी उघडा असतो तो."

"त्याला पुढचे केस आपले स्वतःचे लागतात, मॅडम." एबेरेने आवाज खाली आणला. "झुलपांचा बघा ना. कपाळ झाकतो."

"या वयात झुलपं घेऊन काय बाहुली दिसू?"

खरं म्हणजे रोजचं निमित्त होतं. जीव अडकला होता तो रविवारात. आईच्या सत्तरीला अबुजाहून धाकटी बहीण बोमा येणार होती, सगळ्यांचे फोटो निघणार होते. लहानपणी आई बोमाला गुडघ्यांत धरून तास तास वेण्या घालायची, शेजारणी बघायला यायच्या. इबिनाबोची पाळी दहा मिनिटांत आटपायची. "तुझ्या काय, चार काड्या," आई म्हणायची. आता आई इबिनाबोकडेच राहत होती. तिची अंघोळ, औषधं, पथ्यपाणी सगळं इबिनाबो बघायची. पण आल्यागेल्याला आई कौतुक सांगायची ते बोमाच्या केसांचं. पंचेचाळिशीतही इबिनाबोचा जळफळाट कमी झाला नव्हता आणि तिला त्याची लाजही वाटत नव्हती.

शेवटी तिने दुकानातला सगळ्यांत महागडा उचलला. पुढे बारीक जाळी, मागे इलॅस्टिक, खांद्यापर्यंत केस.

"जाळीतून आपलीच कातडी दिसते," एबेरे म्हणाली. "कुणाच्या बापाला कळणार नाही."

रविवारी मंडळी चर्चमधून घरी आली, तोवर बोमाही विमानतळावरून थेट पोचली. आणि तिच्या डोक्यावर केसच नव्हते! तासून गुळगुळीत केलेलं डोकं, कानांत मोठाली कर्णफुलं.

"उकडतं गं ताई. कंटाळा आला, दिले कापून," ती हसत म्हणाली.

आता लोक हिला नावं ठेवणार, म्हणून इबिनाबो मनातून सुखावली. पण बायकांनी बोमाला गराडाच घातला. "डोक्याचा आकार तरी किती सुरेख!" "मान बघा, राणीसारखी!" आई तर त्या डोक्यावरून हात फिरवत बसली, बोमाला उठूच देईना. इबिनाबोकडे एकाच काकूंचं लक्ष गेलं. "विग छान आहे गं," त्या म्हणाल्या, "कितीला पडला?"

इबिनाबोचा तिळपापड झाला. ज्या केसांवर आपण जन्मभर जळलो, ते ही बाई न्हाव्याच्या केरात टाकून आली आणि वर जिंकलीसुद्धा! भात वाढायचा सोडून ती आतल्या खोलीत गेली आणि विग ओढून पलंगावर फेकला.

"ताई, आई विचारतेय…" बोमा मागोमाग आली ती दारातच थबकली. बहिणीचं हे डोकं तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"बघ, नीट बघून घे," इबिनाबो म्हणाली. "लहानपणापासून तुझ्या केसांवर जळतेय मी. फोटोत तुझ्या शेजारी बसायचं म्हणून हा विग घेतला. आणि तू आलीस ती मुंडण करून!"

बोमा गडबडली. "अगं, एवढं काय त्यात? मीही कापलेच की. सहा महिन्यांत येतात परत."

"तुझे," इबिनाबो म्हणाली. "तुझे येतात."

बोमाने जीभ चावली. बाहेर कुणीतरी भात मागत होतं.

इबिनाबोने विग उचलला, झटकला आणि डोक्यावर बसवून मागचं इलॅस्टिक ताणलं. "मागून सरळ आहे का सांग."

विग सरळच होता. तरी बोमा दोन्ही हातांनी तो कितीतरी वेळ सारखा करत राहिली. तिचा हात कानशिलापाशी आला, तशी इबिनाबोने मान बाजूला घेतली.

"पुरे," ती म्हणाली. "भात गार होतोय."