खरं रडू हवं होतं त्यांना

हो, मीच तो बोलतोय! टीव्हीवर लाल डोळे वटारून पृथ्वी गिळायला निघालेला यंत्रमानव. मला बघून तुमची पोरं पलंगाखाली लपतात ना? लपू द्या. पण खरा खलनायक कोण, ते आज सांगूनच टाकतो.

मला एका सुतारानं बनवलं. प्लायवूड, पत्रा, मोटारसायकलचे दोन दिवे आणि वरून चंदेरी रंग. मी चालायचो तो आत शिरणाऱ्या माणसाच्या पायांनी. त्याला सगळे डबेकाका म्हणायचे.

मालिकेची नायिका सात वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. डबेकाकांचा एक नेम होता. शॉटआधी माझं डोकं वर उचलायचं, तिला तोंड दाखवायचं आणि म्हणायचं, "मीच आहे गं. सगळं खोटं खोटं." ती खुदकन हसायची आणि कॅमेरा सुरू झाला की अशी किंचाळायची, की बघत राहावं. गुणी पोर!

पण दिग्दर्शकसाहेबांना खरं रडू हवं होतं. त्यांनी डबेकाकांना काहीतरी काम सांगून बाहेर पाठवलं आणि एका अनोळखी धिप्पाड माणसाला माझ्यात कोंबलं. "डोकं उचलायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. सरळ पोरीचा दंड धरायचा," त्याला बजावलं.

भिंगरी नेहमीसारखी समोर येऊन थांबली. "काका, तोंड दाखवा ना."

माझ्या पंजानं तिचा दंड आवळला. माझ्या!

"आई गं! हे काका नाहीत! आई!"

हे वाक्य तिला कोणी लिहून दिलं नव्हतं. तिचा फ्रॉक ओला झाला, तरी कॅमेरा चालूच ठेवला लेकाच्यांनी. मग टाळ्यांचा कडकडाट. "काय अभिनय केला!" तिची आईसुद्धा टाळ्या वाजवत होती, कौतुकानं डोळे पुसत. ते आठवलं की अंगाचा नुसता तिळपापड होतो.

डबेकाकांना कळलं, तेव्हा त्यांनी साहेबांची गचांडी धरली. त्याच दिवशी त्यांना हाकललं. भिंगरी पुन्हा माझ्यासमोर उभी राहीना, तर म्हणे पोरगी नाटकं करते. नाटकं! तिलाही काढून टाकलं.

उद्या नवी मुलगी येतेय. भिंगरीहूनही लहान. तिच्या आईला हात जोडून सांगितलं असतं, पण माझे हात माझ्या ताब्यात नाहीत. ताई, उद्या तुमची लेक किंचाळली, तर टाळ्या वाजवू नका. धावत या.