मागच्या दाराचं कुलूप

मी एक जुनं घर आहे, मित्रांनो. वयाने म्हणाल तर फार नाही, पण शेवटच्या थांब्यापलीकडची घरं लवकर म्हातारी होतात. तो थांबा इतका लांब आहे, की सकाळी दाढी करून बसमध्ये चढलेला माणूस उतरतो तेव्हा त्याची दाढी पुन्हा वाढलेली असते. खोटं वाटत असेल तर त्या बसच्या वाहकाला विचारा. तो एकदा आमच्या बाजूला तिकिटं फाडत निघाला आणि पोचेपर्यंत निवृत्त झाला.

बारा घरांच्या रांगेतलं मी सातवं. आम्हाला बांधणाऱ्या ठेकेदाराला इतकी घाई, की पाया ओला असतानाच वर छप्पर येऊन बसलं आणि भिंती मागाहून मध्ये सरकवल्या. एका गवंड्याने जेवणाचा डबा कोनाड्यात ठेवला होता. तो हात धुऊन येईपर्यंत कोनाड्यावर गिलावा झालेला. भिंतीही अशा पातळ, की सहाव्या घरात कुणी शिंकलं की आठव्या घरातला माणूस नाक पुसायचा. मी दोघांच्या मध्ये, मला सवय झाली.

सगळ्यात आधी माझ्यात राहायला आला तो जवळच्या कारखान्यातला फिटर. बायको आणि दोन मुली घेऊन आला. मागच्या खोलीत पहिली दुपार काढली आणि म्हणाला, "या खोलीला नाकच ठेवलेलं नाही." मग दोन सुट्यांमध्ये त्याने स्वतः भिंत फोडली, चौकट बसवली आणि माझ्या पाठीला दार केलं. त्या दाराच्या पायरीवर त्याची बायको भाजी निवडत बसायची. पुढून वारा आत यायचा, घरातल्या सगळ्यांची विचारपूस करायचा आणि मागून निघून जायचा. शेजाऱ्यांनी ते पाहिलं. वर्षभरात बाराही घरांना मागची दारं झाली. त्या दिवसांत येणारा-जाणारा थांबून म्हणायचा, "काय छान हवेशीर घर आहे." मी ते ऐकून भिंती ताठ करायचो आणि त्या नादात एकदोन भेगाही पडल्या.

पुढे कारखाना बंद पडला. फिटर आधी हातगाडीवर पंखे दुरुस्त करत फिरला, मग मुलींना घेऊन कुठेतरी गेला. एकेक करून रांगेतली माणसं गेली. रस्त्यावरचे दिवे फुटले ते कुणी बदलले नाहीत. कोपऱ्यावर दिवसाढवळ्या बाटल्या फुटू लागल्या. आठव्या घरात एक भंगारवाला आला, त्याच्या गालावर लांबलचक व्रण होता. तो व्रण पत्र्याने कापल्याचा होता, पण कुणी विचारलंच नाही, त्यामुळे तो सुरीचा ठरला.

आणि मग, मित्रांनो, आम्ही फार स्वस्त झालो. स्वस्त झालो म्हणून शहरातल्या माणसांना आवडू लागलो.

दलाल त्यांना रविवारी सकाळी अकराच्या सुमारास घेऊन यायचा. त्या वेळी ऊन बरोबर पुढच्या खोलीत असायचं आणि कोपऱ्यावरची मंडळी अजून झोपलेली असायची. असाच एका रविवारी तो एका चष्म्याच्या दुकानाच्या मालकांना घेऊन आला. आम्ही त्यांना चष्मेवाले म्हणू. माणूस वाईट नव्हता. दुकानात म्हाताऱ्यांना बसायला खुर्ची द्यायचा. स्वतःचं म्हातारपण मात्र त्याला सतावत होतं, दुकान भाड्याचं होतं आणि डोळे थकत चालले होते.

"शहरात एवढ्यात तुम्हाला न्हाणीघर मिळेल, साहेब," दलाल म्हणाला. "इथे अख्खं घर."

"वस्ती कशी आहे?"

"वस्ती जरा तापट आहे. पण भाडं शांतपणे येतं. आणि तुम्हाला कुठे राहायचंय?"

हे शेवटचं वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं, की माझ्या विटांनाही ते पाठ झालं. चष्मेवाले गाडीतून उतरले नाहीत. काचही खाली केली नाही. आतूनच बोटाने दाखवत गेले, हे, हे आणि ती पलीकडची तीन. भाजी घेणारा निदान दाबून तरी बघतो. पाच घरं अशी त्यांनी घेतली, त्यात मी होतो.

त्यांनी माझ्यात ठेवलेला पहिला भाडेकरू म्हणजे एक गोडबोल्या टेम्पोवाला. चार महिने त्याने चष्मेवाल्यांना "दादा, दादा" करून झुलवलं आणि एका पहाटे मागच्या दाराने सगळं सामान टेम्पोत चढवून पसार झाला. जाताना नळ नेला, दिवे नेले, पंखा नेला आणि माझा असा संशय आहे, की खोलीतली थोडी हवाही पोत्यात भरून नेली.

चष्मेवाल्यांनी त्याच आठवड्यात लोहार पाठवला. खिडक्यांना गज आले. मागच्या दाराला बाहेरून जाड कडी आली आणि कडीला कुलूप. पाचही घरांना तसंच केलं. "पुढून आलेत, पुढूनच जातील," ते म्हणाले. बाकीच्या मालकांना ही युक्ती फार आवडली. बघता बघता आमच्या गल्लीची ती रीतच झाली, की पुढचं दार भाडेकरूचं आणि मागचं मालकाचं. माझ्यात स्वस्त नाही अशी एकच वस्तू होती, ते कुलूप.

त्यानंतर शिवणवाली आली. शाळेचे गणवेश शिवायची. तिच्याबरोबर चौथीतली मुलगी आणि सासू. नवरा लांबच्या बांधकामावर होता, दोन-तीन महिन्यांनी यायचा. सासूचे गुडघे गेलेले, त्यामुळे तिची खाट मागच्या खोलीत पडली. शिवणयंत्र पुढच्या खोलीत. तिथल्या भिंतीत वायर कुजलेली होती आणि बटण दाबलं की ठिणगी उडायची. शिवणवालीने दलालाला सांगितलं, दलालाने चष्मेवाल्यांना सांगितलं, चष्मेवाल्यांनी रंगारी पाठवला. रंगाऱ्याने बटणाभोवती सुंदर पिवळा रंग दिला.

मागच्या खोलीत उकाड्याने म्हातारीचा जीव जायचा. पण तोंड थंड पडलं नव्हतं.

"तुझ्या घरमालकाला म्हणावं," ती सुनेला म्हणायची, "लोणचंसुद्धा बरणीत घालताना आधी विचारतात, मुरायचंय का म्हणून."

"आई, हळू बोला. भिंती पातळ आहेत."

"मग ऐकू दे की. त्या भंगारवाल्याला तरी करमणूक कुठे आहे."

पलीकडून भंगारवाला खोकायचा, म्हणजे हसायचा.

एकदा चष्मेवाले भाड्यासाठी स्वतः आले. शिवणवाली दारात उभी राहून म्हणाली, "मागची किल्ली द्या ना, साहेब. सासूबाईंना वारा लागत नाही. आणि काही झालं तर बाहेर कसं पडायचं?"

"मागच्या वेळचा अनुभव आहे मला," चष्मेवाले म्हणाले. "माणूस घर घेऊन पळाला."

आतून म्हातारी ओरडली, "ही मला पाठीवर घेऊन पळणार होय? कोपऱ्यापर्यंत गेली तरी मी तुम्हाला भाड्यासकट बक्षीस देईन."

चष्मेवाल्यांना हसू आलं. हसू आल्यावर माणूस थोडा सैल होतो. पुढच्या वेळी त्यांनी किल्ली आणली. "कुलूप काढून टाकायचं नाही," ते म्हणाले. "हवा घ्या आणि परत लावा. आणि किल्ली घराबाहेर न्यायची नाही. हरवली तर नवं कुलूप तुमच्या खर्चाने."

त्या दिवशी माझ्यात सण असल्यासारखं झालं. शिवणवाली गल्लीला वळसा घालून मागे गेली, कुलूप काढलं, आणि किती वर्षांनी वारा पुढून शिरून मागून बाहेर पडला. म्हातारीने तोंड उघडं ठेवून तो प्यायला. मग मुलीने खाटेजवळ, आजीच्या हाताला येईल असा खिळा ठोकला आणि त्यावर किल्ली लटकवली.

"आता मी खजिनदार," म्हातारी म्हणाली.

मुलीने दाराच्या फळ्यांवरून हात फिरवला. "आई, पण आतून किल्ली लावायची कुठे? कुलूप तर बाहेर आहे."

"बाहेरून जाऊन उघडायचं. दोन मिनिटं लागतात. मालकांनी दिली हेच खूप समज."

मला तेव्हा बोलता आलं असतं तर, मित्रांनो. पण घरांना फक्त करकरता येतं. मी करकरलो. म्हातारी म्हणाली, "या दाराला तेल घालायला हवं."

संध्याकाळी शिवणवाली घरात असली की मागचं दार उघडं असायचं. ती कामाला बाहेर निघाली की मागे जाऊन कुलूप लावायची, घरात येऊन किल्ली खिळ्याला अडकवायची आणि पुढचं दार ओढून घ्यायची. सासू एकटी, वस्ती अशी आणि शेजारी गालावर व्रण असलेला माणूस. दलालाने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्याच्यापासून जपून राहा.

शाळा सुरू व्हायचे दिवस होते. पुढच्या खोलीत गणवेशांचे ढीग लागले होते, खिडकीच्या वरपर्यंत. दुपारी शिवणवाली एक गठ्ठा घेऊन दुकानात द्यायला गेली. नेहमीसारखं कुलूप लावून, किल्ली अडकवून गेली. मुलगी शाळेत होती. म्हातारीचा डोळा लागला होता.

वायर भिंतीत आधी तापली. मला ते पोटात कळत होतं. मग पिवळ्या रंगाला फोड आले, फोड फुटले आणि ठिणगी कापडावर पडली. कापड नवं होतं, कोरडं होतं. पुढची खोली पेटायला फार वेळ लागला नाही.

धुराने म्हातारी जागी झाली. तिने सुनेला हाक मारली, मग नातीला. मग भिंतीवर मूठ मारली. भंगारवाला घरात होता. तो पुढच्या दाराशी धावला, पण तिथे आत जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याच्याही मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, म्हणून पहार घेऊन तो अख्ख्या रांगेला वळसा घालून मागे आला.

"आजी, दारापासून लांब व्हा," तो ओरडला. "मी तोडतोय."

"किल्ली आहे माझ्याकडे," ती आतून म्हणाली.

"मग द्या बाहेर."

दाराखाली फट नव्हती. फिटरने दार फार नीट बसवलं होतं. खिडकी उंच होती. तिचा हात गजांपर्यंत पोचत नव्हता.

भंगारवाल्याने कुलपावर पहारीचे घाव घातले. कोपऱ्यावरची मंडळी धावून आली, ज्यांना घाबरून शिवणवाली कुलूप लावायची ती. त्यांनी आळीपाळीने घाव घातले. कुलूप चांगल्या प्रतीचं होतं. शेवटी कुलूप राहिलं आणि कडीच चौकटीतून उपटून आली.

म्हातारी उंबऱ्यापाशी होती. वर्षभर ती खाटेवरून एकटी उतरली नव्हती. खोलीभर सरपटत आली होती. किल्ली तिच्या मुठीत होती आणि मूठ दाराला टेकलेली. भंगारवाल्याने तिला उचलून बाहेर आणलं, तोंडावर पाणी मारलं, छाती चोळली. बराच वेळ तो थांबायला तयार नव्हता. इतरांनी त्याला धरून बाजूला केलं.

शिवणवाली परत आली तेव्हा हातात दुकानातून मिळालेलं पुढचं कापड होतं.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाले आले. पहिल्यांदाच माझ्या आतपर्यंत आले. मागच्या खोलीत उभे राहिले आणि काळ्या भिंतींकडे बघत म्हणाले, "पण किल्ली मी दिली होती."

"दिली होती," शिवणवाली म्हणाली. "कुलूप मी लावलं होतं."

भंगारवाल्याने ते बंद कुलूप आणून चष्मेवाल्यांच्या हातात ठेवलं आणि निघून गेला. चष्मेवाल्यांनी ते इकडून तिकडून फिरवून पाहिलं. मग मागचं दार आतून ओढून घेतलं आणि त्याच्या फळ्यांवर हात फिरवत राहिले, काहीतरी शोधत असल्यासारखे. त्या आठवड्यात त्यांनी बाकीच्या चार घरांची कुलपं काढून नेली. पुढच्या महिन्यात पाचही घरं विकायला काढली. शिवणवाली मुलीला घेऊन नवऱ्याकडे गेली. जाताना मुलीने मागे वळून पाहिलं नाही आणि ते बरंच केलं.

आता मला पुन्हा रंग दिला आहे, या वेळी फिकट निळा. मागच्या महिन्यात एका रविवारी अकरा वाजता दलाल एका शिकवणी घेणाऱ्या बाईंना घेऊन आला होता. त्यांना मुलाच्या पुढच्या शिक्षणासाठी सोय करून ठेवायची आहे. बाई प्रेमळ वाटल्या. त्या गाडीतून उतरल्या, पुढच्या खोलीत आल्या, भिंतीला हात लावून म्हणाल्या, "उजेड छान आहे."

"एकदा किरकोळ आग लागली होती," दलाल म्हणाला. "वायर सगळी नवी आहे."

व्यवहार झाला आणि काल त्यांनी पाठवलेला सुतार आला. मागच्या चौकटीचं लाकूड बदलायचं आहे, तिथे कडी उपटल्याचा खड्डा आहे. सुताराने माप घेतलं आणि बाईंना फोनवर विचारलं, कडी आतून लावू की बाहेरून. बाईंना माहीत नव्हतं. त्यांनी दलालाला विचारलं. दलाल म्हणाला, "इथे बाहेरूनच असते."

मित्रांनो, मी तुम्हाला बसच्या, शिंकेच्या, हवा भरलेल्या पोत्याच्या गोष्टी सांगितल्या. त्यातलं हवं ते विसरा. पण तुम्हीही उद्या मोठे व्हाल, चार पैसे गाठीला बांधाल आणि जिथे तुम्हाला राहायचं नाही असं एखादं स्वस्त घर विकत घ्याल. त्यात काही पाप नाही. घरांना मालक लागतातच. फक्त सुतार फोन करून विचारील, कडी कुठून, तेव्हा लगेच सांगू नका. आधी तिथे जा. मागच्या खोलीत शिरा, दार लावून घ्या, गुडघे दुखत असल्यासारखे खाली बसा. आणि मग बाहेर येऊन त्याला उत्तर द्या.