लांब तार

तिनं प्रोबचं टोक कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या सप्लायच्या बारा व्होल्टच्या पिनेला टेकवलं आणि वीज मोजणाऱ्या स्कोपच्या पडद्यावरची रेघ काटेरी झाली. थोडा रिपल, म्हणजे विजेची बारीक थरथर, प्रत्येक सप्लायमध्ये असतो. एकशेवीस मिलिव्होल्टपर्यंत चालवून घेतात. इथं दोनशेच्या वर होता.

नवरा पाठीमागेच उभा होता. सप्लाय त्यानंच डिझाइन केलेला. तो पास झाला की विभागप्रमुखाची खुर्ची त्याची, हे कँटीनच्या मांजरालाही ठाऊक होतं.

"तुझी ग्राउंडची तार लांब आहे," तो म्हणाला. "हवेतला सगळा कचरा ओढून घेते. सप्लायचा दोष नाही."

लांब तार तसं करते खरी, म्हणून तिनं निमूटपणे ती काढली आणि बोटाच्या पेराएवढी स्प्रिंग बसवली. रेघ जराशी सावरली. एकशे ऐंशी.

"मग तुझ्या टेबलावरचा पंखा असेल."

तिनं पंखा बंद केला. मग शेजारचा दिवाही. एकशे ऐंशीच. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण दर वेळी तिचंच.

घरीही हेच चालायचं. मागच्या वर्षी साहेबांनी तिला टेस्टिंगची प्रमुख करायचं ठरवलं, तेव्हा हा परस्पर सांगून मोकळा झाला होता, 'तिला नकोय, तिला घर बघायचंय.' साहेबांच्या दाराबाहेर उभी राहून तिनं स्वतः ऐकलं होतं. घरी विचारलं तर हसला. "तुला भास होतात गं." इतक्या लाडानं आणि इतक्यांदा म्हणाला की तिचा आपल्याच कानांवरचा विश्वास उडाला. साहेबांकडे जायचं राहूनच गेलं. आज त्या राहून जाण्याचाच तिला जास्त संताप आला.

"प्रोबच्या टोकाला जरा मोठा कपॅसिटर लाव ना," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तोच गिळेल थरथर, बसेल रेघ खाली. कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"अगं, मोजणाऱ्यातच गडबड असली की काय दिसणार?"

तिनं प्रोब पिनेवरून उचलला आणि त्याचं टोक प्रोबच्याच ग्राउंडच्या स्प्रिंगला टेकवलं. मोजणाऱ्याची खोट अशीच बघतात. सप्लाय बाजूला राहतो, आणि तरीही पडद्यावर जे थरथरेल ते आपलं.

रेघ सरळ होती. पाटीवर पट्टी धरून ओढावी तशी.

"बघ," ती म्हणाली. "माझ्यात काही नाहीये."

त्यानं पडद्याकडे पाहिलं नाही. तिनं सप्लायवर नापासची लाल पट्टी चिकटवली आणि पुढचा घेतला.

दुसऱ्या पाळीला टेस्टिंगवर त्याचा दोस्त असायचा. त्यानं प्रोबच्या टोकाला मोठा कपॅसिटर लावला आणि लाल पट्टीच्या जागी हिरवी आली. महिनाअखेरीस नवऱ्याला खुर्चीही मिळाली. आपलेच दात, आपलेच ओठ. ती कुणाजवळ बोलली नाही. घरी मात्र दोघांत कामापुरतंच बोलणं उरलं.

मग एका संध्याकाळी विभागप्रमुख नवरोबा स्वतःचा सप्लाय बसवलेला नवा कॉम्प्युटर घरी घेऊन आले. त्यानं तो मोठ्या हौसेनं जोडला, गाणं लावलं आणि भुवया आकसल्या. गाणं थांबवलं. स्पीकर बदलला, वायरी हलवल्या, पुन्हा लावलं.

"अगं, जरा इकडे ये. स्पीकरमधून गुणगुण येतेय का?"

ती हात पुसत दारात येऊन उभी राहिली. गुणगुण स्पष्ट येत होती, कानाशी डास घोंगावावा तशी. ही सप्लायचीच थरथर, हे तिला ऐकताक्षणी कळलं. त्यालाही कळलं असावं, कारण त्याचा चेहरा पार उतरला होता.

"येतेय ना तुला ऐकू?" त्यानं अजिजीनं विचारलं.

तिनं मान कलती करून नीट ऐकलं. घाई केली नाही.

"नाही रे," ती लाडानं म्हणाली. "तुला भास होतात."