कानसेन

वेल्डिंगचे रॉड कोरडे आहेत की दमट, हे त्या कारखान्यात कानसेन सांगायचा. स्टोअर सांभाळणारा हा म्हातारा दोन रॉड एकमेकांवर वाजवायचा. खणखणीत वाजले तर कोरडे. बद्द वाजले तर रॉडवरच्या लेपात ओल शिरलेली, म्हणजे पुन्हा वाळवायच्या भट्टीत. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

आणि हाच कानसेन दोन वर्षांपासून बहिरा होत चालला होता. कारखान्यात तो ओठ बघून उत्तरं द्यायचा, घरी नुसतं "हो हो" म्हणायचा. स्टोअर गेलं तर आपल्याला कुत्रंही विचारणार नाही, ही एकच धास्ती.

एकदा रात्रभर वीज गेली आणि भट्टी गार पडली. सकाळी त्याने दोन रॉड वाजवले. बोटांना ठोका लागला आणि खणखणाट झाल्यासारखा वाटला. चाळीस वर्षांच्या सवयीने आवाज मनातच उमटवला होता. त्याने गठ्ठा वेल्डरांना देऊन टाकला.

दुपारी मुख्य वेल्डर आला. त्याचा जुना दोस्त. क्रेनच्या तुळईचा जोड तपासणीत नापास झाला होता, आत नुसती भोकंच भोकं. उरलेले रॉड त्याने पुढे केले.

"वाजव."

कानसेनने वाजवले. "कोरडे आहेत की."

"अरे गाढवा, बद्द वाजतायत! बहिऱ्यालाही कळेल..." वेल्डर मध्येच थांबला. त्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "मी कुणाला सांगत नाही. जोड कापून परत भरतो."

कानसेनचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच.

"त्या तुळईखाली तूच असतोस ना?" त्याने विचारलं.

कानसेनने स्टोअरच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि घर गाठलं.

बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता काहीतरी बोलली. "हो हो" त्याच्या ओठांवर आलंच होतं. त्याने ते गिळलं.

"मला ऐकू आलं नाही गं. दोन वर्षं झाली, धड काहीच ऐकू येत नाही."

तिच्या हातातला सदरा तसाच राहिला. ती अगदी त्याच्या समोर येऊन बसली.

"म्हणजे गाठीचं सांगितलं, तेही ऐकलं नाहीत? हो हो म्हणालात. मला वाटलं, यांना काही वाटतच नाही. मग मीही डॉक्टरकडे गेले नाही."

"कसली गाठ?"

तिने त्याचा हात धरला आणि आपल्या काखेखाली नेऊन ठेवला.