एक दिवसाआड

माझी धाकटी बहीण माझ्यासाठी पळायला लागली. आयुष्यात कधी बस पकडायलासुद्धा न पळालेली आमची ढमी! माझी दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेलीत आणि तिचं एक मला जुळतं. पण डॉक्टर म्हणाले, "हिचं वजन फार आहे, दोन जिने चढली की धाप लागते. आधी ते सुधारा, मग ऑपरेशनचं बोलू."

रुग्णालयातल्या व्यायामाच्या बाईंनी नेमून दिलं: एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, पळणं हळूहळू वाढवायचं. आणि एक दिवसाआड पूर्ण विश्रांती. "विश्रांती चुकवायची नाही हं," असं त्यांनी निघतानाही बजावलं.

पहिल्या दिवशी मैदानाची अर्धी फेरी मारून आली आणि धाडकन खुर्चीत पडली. "दादा, मेले रे मी!"

"तू मेलीस तर माझं काय होणार, बये?" मी म्हणालो. दोघंही पोट धरधरून हसलो. पुढे ती न थांबता अख्खी फेरी मारायला लागली, आणि मी मूर्ख, आशेला लागलो.

आमचा शिवणकामाचा धंदा. शाळांच्या गणवेशांचं काम अंगावर आलं की सुट्टीचं नाव काढायचं नाही, रविवार गेला खड्ड्यात, वायद्याला माल गेलाच पाहिजे. हे मीच तिच्या डोक्यात भरवलेलं. डायलिसिसला माझ्या हातांच्या शिरा पुरेनाशा झाल्या, तेव्हा मानेत नळी घातली. ही नळी फार दिवस चालत नाही, असं तिला नर्सने सांगितलं. झालं! बाईसाहेबांनी विश्रांतीचे दिवसच कापून टाकले. रोज सकाळी पळायची, दुकान बंद केल्यावर पुन्हा पळायची, आणि मला सांगायची, भाजी आणायला जाते.

नडगी ठणकायला लागली तेव्हा वरून पट्टी आवळली आणि तशीच पळाली. शेवटी एका सकाळी मैदानातच खाली बसली. तिला उठताच येईना.

हाडाला तडा गेला होता. प्लास्टर घालून डॉक्टर म्हणाले, "आधी हाड जुळू दे. मग चालणं, मग पळणं, सगळं पहिल्यापासून. ऑपरेशनचं नंतर बघू."

"नंतर म्हणजे कधी?" मी विचारलं. त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

टॅक्सीत मी तिच्यावर खेकसलो, "अक्कल गहाण टाकली होतीस का? एवढं बजावलं होतं ना!"

"मला वाटलं, लवकर होईल," ती पुटपुटली.

माझा राग कुठल्या कुठे गेला. नुसती भीती उरली. मला जगायचं होतं हो, फार जगायचं होतं.

घरी तिचा पाय स्टुलावर ठेवला, खाली उशी सारली. तिने माझी बाही धरली. "दादा, माझा पाय बरा होईपर्यंत थांबशील ना रे?"

"थांबतो की," मी म्हणालो. "जाणार कुठे मी?"

आणि ती ओक्साबोक्शी रडायला लागली.