अर्धं दुकान

कोर्टाच्या जिन्यात वकिलाने त्याला गाठून पुन्हा बजावलं, "बायको दुकानात काम करायची असं कबूल केलंत, तर अर्धं दुकान गेलंच म्हणून समजा. नुसती सोबतीला येऊन बसायची, एवढंच म्हणा."

चष्मेवाल्याने मान डोलावली. घर भाड्याचं. घटस्फोटात वाटून घेण्यासारखं काही होतं, तर ते एवढं चष्म्याचं दुकान.

आता खरं काय होतं, ते बघा. नंबर काढायचा, काचा घासून बसवायच्या, यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण माणसांशी बोलायचं म्हटलं की स्वारीच्या तोंडाला कुलूप. गिऱ्हाईक सांभाळायची ती. आरशासमोर बसवून तोंडावर सांगायची, "ही फ्रेम नको हो मास्तर, वर्गात पोरं हसतील." मास्तर स्वतःच हसायचे आणि ती देईल ती फ्रेम घालून जायचे. सगळे 'बाईंचं दुकान' म्हणायचे. ते याला झोंबायचं. तिथूनच दोघांचं बिनसत गेलं आणि प्रकरण कोर्टाची पायरी चढलं.

न्यायाधीशांनी विचारलं, "पत्नी दुकानात काय करायच्या?"

त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं. "काही नाही. घरी कंटाळा यायचा, म्हणून येऊन बसायची."

"तुम्हाला काही सांगायचंय?" न्यायाधीशांनी तिला विचारलं. तिच्या वकीलबाई तावातावाने उठत होत्या. तिने हात धरून त्यांना खाली बसवलं.

"ते म्हणतात तसंच," ती म्हणाली.

दुकान त्याचं झालं. वकिलाने पाठ थोपटली, पण त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढं धडधडीत खोटं, आणि तेही तिच्यासमोर. तो धावतच तिच्यामागे फाटकाशी गेला.

"अगं, थांब. चुकलं माझं. अर्धं दुकान तुझं, आत्ताच्या आत्ता लिहून देतो."

ती थांबली. चिडली असती तरी त्याला बरं वाटलं असतं.

"मला दुकान नकोच होतं," ती म्हणाली. "बहिणीकडे जायचं कधीच ठरलंय माझं. 'हिने माझ्या बरोबरीने राबून दुकान उभं केलं', एवढं एकदा आत म्हणाला असतात ना, तर सगळं तुमच्या नावावर करून देणार होते. वकीलबाईंना तसं सांगूनही ठेवलं होतं."

"मग आता?" त्याने कसंबसं विचारलं.

"आता काय, तसंही मिळालंच की तुम्हाला," ती म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.