कोंडाबाईंचा डावा डोळा

मी एक जुना कॅमेरा आहे. पण लग्नात वऱ्हाडाचे फोटो काढणारा नव्हे. मित्रांनो, माझ्यापुढे हनुवटी टेकून बसलेल्या माणसाच्या डोळ्यात, अगदी मागच्या पडद्यावर, केसाहून बारीक वाहिन्यांतून रक्त कसं धावतं ते मी टिपतो. एकाच जागेची चित्रं मी पुन्हा पुन्हा घेतो. त्यांत जे बदलतं, ते वाहतं रक्त. म्हणून डोळा हलला की माझं सगळं काम बिघडतं.

पूर्वी मी मोठ्या शहरात होतो. तिथं माझं कौतुक झालं, मग नवं यंत्र आलं आणि मी कापडाखाली पडून राहिलो. मुरुम गावच्या एका लहान दवाखान्यानं मला तिथून आणलं. इथं तपासणी करणारी वर्षाराणी माझी काच जपते.

एका पावसाळ्यात कोंडाबाई आल्या. त्यांचा उजवा डोळा आधीच गेला होता. दोन्ही डोळे उघडे असताना डावा सगळं सांभाळून घेई, त्यामुळे घरात कुणाला कळलंच नाही. कळलं तेव्हा ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं. आता डाव्यालाही दाराची चौकट वाकडी दिसू लागली होती. उमरग्याच्या शाळेत शिकवणारी लेक प्रतीक्षा रजा काढून त्यांना घेऊन आली होती.

भिंतीवरचा तक्ता कोंडाबाईंनी शेवटच्या ओळीपर्यंत न अडखळता वाचला. वर्षाराणी खूश झाली. प्रतीक्षानं पुढं होऊन तक्ता ओढणीनं झाकला. कोंडाबाई तरीही वाचतच राहिल्या.

बाकावर बसून आधीच्या माणसांचं वाचन ऐकता ऐकता त्यांनी अक्षरं पाठ केली होती. नापास झालेल्याच्या डोळ्यात सुई खुपसतात, असं त्यांना तिथंच कुणीतरी सांगितलं होतं.

“माय, हे काय केलंस?”

“सुई नगं मला. दिसतंय तेवढं लई हाय.”

माझ्यापुढे पाठांतर चालत नाही. डॉक्टरांनी प्रतीक्षाला बाजूला घेऊन सांगितलं, की पडद्याखाली पाणी साचलंय. तिथं नव्या, कच्च्या वाहिन्या उगवल्या असतील तर औषधाची सुई लगेच द्यायला हवी. उशीर झाला तर हाही डोळा उजव्याच्या वाटेनं जाईल. वाहिन्या नसतील तर सुई वाया. नक्की काय ते माझ्या चित्रावरून कळणार होतं.

कोंडाबाईंनी हनुवटी टेकली. माझ्या आतली हिरवी खूण पाहा, असं वर्षाराणीनं सांगितलं. पण नजरेच्या मधोमधच डाग असलेल्या बाईला खूण दिसणार कशी? डोळा तिला शोधत भिरभिरला. चित्रावर पांढरे पट्टे उमटले. पुन्हा तेच. डोळ्यातून पाणी वाहू लागलं, मान सरकू लागली. आणखी एकदाच पाहू, नाहीतर सोलापूरला न्या, असं डॉक्टर म्हणाले. सोलापूरला मी येणार न्हाय, असं कोंडाबाईंनी येतानाच बजावलं होतं. मी ताटकळत होतो. मला बोलता येत नाही.

प्रतीक्षा आईमागे गुडघ्यावर बसली. आईची उजवी मूठ तिनं आपल्या हातात धरली.

“माय, खूण राहू दे. तू चाड्यावर मूठ धरलीयस. बैल चाललेत. मान वळली तर पेरणीचं तास वाकडं जाईल.”

कोंडाबाईंचा उभा जन्म पेरणीच्या तिफणीमागं गेला होता. चाड्यात, म्हणजे तिफणीवरच्या वाटीत, बी सोडणारी बाई मुठीकडं बघत नाही, इकडं तिकडं बघत नाही. नजर समोरच्या बांधाला लावते. त्यांची बोटं हळूहळू सुटू लागली, जणू ज्वारी पडत होती. डोळा थांबला. मी रक्त पाहिलं.

पडद्याखाली, शेतात हराळीच्या मुळ्या पसराव्यात तसं, कोवळ्या वाहिन्यांचं जाळं होतं.

“म्हंजी नापासच झाले म्हन की,” कोंडाबाई म्हणाल्या. पण उठून गेल्या नाहीत. त्या दिवशीच पहिली सुई झाली. मग दर खेपेला मी ते जाळं विरळ होताना पाहिलं. उजवा डोळा परत आला नाही. डाव्यानं मात्र त्यांनी पुढच्या पेरण्या केल्या, अगदी शेवटच्या आजारापर्यंत.

परवा प्रतीक्षा शेजारच्या शांताक्कांना घेऊन आली. आतलं वाचन ऐकू जाऊ नये म्हणून वर्षाराणीनं बाक आता बाहेर ओसरीवर हलवलंय. शांताक्कांचं झाल्यावर प्रतीक्षानं आईचं शेवटचं चित्र पाहायला मागितलं, आणि संगणकाच्या पडद्यासमोर उभी राहिली. मी फक्त वाहतं रक्त टिपतो, मित्रांनो. कोंडाबाईंचं माझ्याकडे आहे ते तेवढंच, वाहतं.

आज घरी गेलात की आजी-आजोबांचा एक डोळा तळहातानं अलगद झाका आणि दाराची चौकट सरळ दिसते का ते विचारा. मग दुसरा झाका. वाकडी दिसली, तर ‘वय झालं’ म्हणू नका. त्यांना लवकर आणा. मी इथंच आहे.